पेटी

कुंदाताई जिन्यात विचारतात, रात्री पेटी वाजवता का हो?
हो म्हणतो. पेटीच ती.
भाता नाही, पट्ट्या नाहीत,
पोळ्यांच्या डब्याहून थोडी लहान, काळी,
सोळा रबरी बटणं, एक खिडकी,
खिडकीत आकडा: शहाण्णव.

तिच्या पोटात तिचे आवाज आहेत,
ते मी शून्यावर ठेवलेत.
ती फक्त सांगते. पाच टोकांच्या वायरीतून
तिघांना, ज्याला त्याला त्याच्या नंबरावर:
आता. आता. थांब. आता.

एक नंबर कपाटावर, खरखरीत खर्जाचा.
तापायला वीस मिनिटं घेतो,
एप्रिलात पाव सूर उतरतो
आणि वर माझ्याकडेच बघतो.
दोन नंबर लॅमिंग्टन रोडचा, तीन पट्ट्या तुटलेल्या.
दुकानदार म्हणाला, मेलाय, सुटे भाग म्हणून न्या.
पण पट्टी गेली तरी आतला सूर शाबूत असतो.
हाताने मिळत नाही, एवढंच.
बाहेरून कुणी नावाने मागितला की देतो.

तीन नंबर रुबेनचा.

रुबेन पेणकर. ऑर्केस्ट्रात अकरा वर्षं,
पालघरपासून पेणपर्यंत
हळदी, बारशी, नगरसेवकांचे वाढदिवस.
उजव्या हातात सगळी व्हायोलिनं, डाव्यात बासरी,
मागे ऑक्टोपॅडवर मी.
गाणारीचा दम संपत आला हे तिच्याआधी त्याला कळायचं.
लय ओढून धरायचा तिच्यासाठी,
आणि मी शिव्या घालत त्याच्या मागून.
अश्दोदला जाताना म्हणाला, हा ठेव, विमानात वजन होतं.
ठेवला. माझगावच्या या खोलीत,
अर्थिंग नसलेल्या बोर्डावर,
हात लावला की मुंग्या येतात.

आता मी कुणाच्याच मागे नाही.
पहिलं बटण लाल, पाचवं लाल, तेरावं लाल,
नवव्यावर काही ठेवत नाही. सवय.
रुबेनचा कीबोर्ड हुकूम ऐकून किंचित उशिरा उठतो,
केसभर.
पेटीत त्यावर इलाज आहे:
त्याचे निरोप केसभर आधी धाडायचे.
धाडले. तिघेही एका रेषेत आले, कवायतीसारखे.
दोन मिनिटं ऐकलं.
मग तो आकडा होता तिथे परत नेऊन ठेवला.

काल रात्री दीडला पाय लागला आणि
पेटीची पिन निसटली.
खिडकी काळी. एक गप्प, दोन गप्प.
तीन नंबर पंचमावर होता, तिथेच राहिला.
सूर धर, हा निरोप पोचलेला.
सोड, हा निघायच्या आधीच निरोप्या गेला.
आणि कुणी सांगत नाही तोवर
तो धरूनच राहणार.
बनवलाच तसा त्याला.

पिन लावता आली असती.
पेटीत एक बटण आहे,
सगळ्यांना सगळं सोडायला लावणारं.
त्याऐवजी फोन केला. तिकडे अकरा.
बोललो काहीच नाही, फोन स्पीकरपाशी धरला.
तिकडे भांडी घासली जात होती, मग थांबली.
'काळी चारचा पंचम,' रुबेन म्हणाला. 'अडकला?'
'हो.'
'कधीपासून?'
'आत्ताच.'
पंधरा मिनिटं झाली होती.
'मग बंद कर की.'
'करतो.'

फोन दोघांनीही ठेवला नाही.
भिंतीपलीकडून कुंदाताईंनी ठोकलं,
दोनदा, मग जरा थांबून, रागाने, तिसऱ्यांदा.
'ऑक्टोपॅडवर,' रुबेनने विचारलं, 'कोण आहे रे?'