रकाना सात

रबाळ्याच्या शाईच्या कारखान्यात
सेफ्टीचा माणूस मी.
दर सहा महिन्यांनी तक्ता भरतो:
काम काय, धोका काय,
आणि रकाना सात – धोका कोणाला?
अकरा वर्षं लिहीत आलो, सर्वांना.
सर्वांना लिहिलं की कुणाकडे बघावं लागत नाही.

मग एका सकाळी हेमांगी मढवी आली,
गोठिवलीची, मिक्सिंगवरची,
हातमोजे काढून मुठीत धरलेले.
म्हणाली, साहेब, अजून सासूला सांगितलं नाही,
आधी तुम्हाला सांगते.
त्या निळ्या पिंपाचा वास...
पुढे बोललीच नाही.

पिंपावरचं लेबल मीच लावलेलं.
शेवटची ओळ, मुंगीएवढ्या अक्षरांत:
पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो.
तीनशे तरी पिंपं असतील.
अंगठ्याने दाबून दाबून
एकेकाचे बुडबुडे काढले होते.

दुपारपर्यंत तिला पॅकिंगला आणलं.
रात्रपाळी खोडली, पंचवीस किलोची गोणी खोडली.
पगार तोच राहील म्हटलं, तेव्हा अकाउंट्समध्ये
माझ्याकडे असे बघायला लागले
जसे दिवस मलाच गेलेत.

स्टुलासाठी परचेसने तीन कोटेशनं मागितली.
तिसरं आलं तेव्हा तिला सातवा लागला होता.
तोवर कँटीनची खुर्ची, एक पाय आखूड,
खाली पुठ्ठ्याची घडी.

मुलगी झाली.
रजा संपवून परतली तर पाळणाघर कुठाय?
कायद्याला पन्नास माणसं लागतात,
हजेरीपटावर आम्ही अठ्ठेचाळीस.
कंत्राटी बावीस वेगळ्या वहीत.

जुन्या रेकॉर्डच्या खोलीला आतून कडी बसवून घेतली.
अकराला आणि तीनला
ती आत, पंपाची बारीक घरघर,
मी बाहेर, हातात तक्ता, उगाच.
कँटीनच्या फ्रिजमध्ये चटणीच्या डब्याशेजारी
तिची बाटली. नाव, तारीख, वेळ,
अक्षर माझं.
लेबल चिकटवताना अंगठा थांबला,
आधी वाचून पाहिलं.

रकाना सात अजून तेवढाच अरुंद आहे.
या खेपेला नावं लिहायला घेतली:
हेमांगी, प्रिंटिंगची फर्जाना,
आणि वेगळ्या वहीतली ती,
काहीच बोललेली नाही अजून,
पण दोन दिवस डबा न उघडता परत नेते.
तिचं नाव मला माहीत नाही.
जागा सोडलीय.