वीस तेत्री

आमच्या इमारतीची लिफ्ट नाणी खाते.
वर जायला वीस तेत्री,
उतरायला काही नाही.
असं का, ते कुणालाच माहीत नाही,
आणि एवढ्या एका गोष्टीवर
ग्लदानीच्या या अंगणात, तुतीखालच्या टेबलाशी
बारा वर्षं बोलणं चाललंय.

मी दुसऱ्या मजल्यावरची. जिन्याने जाते.
म्हणून गोचाच्या मते मला मत नाही.
मी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसते.
मत नसलेल्या माणसाला
ऐकू फार येतं.

आज लामाराने कागद आणला :
नाण्यांची पेटी निघणार, कार्ड येणार.

नुगझारने डोमिनो असा आपटला
की टेबलावरचा वाइनचा पेला जागचा हलला.
एकतीस वर्षं मेट्रोचे सिग्नल सांभाळलेला माणूस,
यंत्रांवर विश्वास नाही,
कारण आतून पाहिलीत त्याने.
"नाणं पडलं की वाजतं.
कार्ड काय वाजतं?"
"टीं वाजतं," जेमाल म्हणाला.

जेमालकडे दोन फोन, दोन्ही चार्जिंगला.
"अरे, तो पाववाला
भट्टीत अर्धा वाकलेला असतो
आणि तसाच फोनवर पैसे घेतो.
जग काय तुझ्या चिल्लरीसाठी अडून बसलंय?"

मग नेहमीसारखं सुतावरून स्वर्ग.
मी किती वाजता कितव्या मजल्यावर गेलो
ते त्या कार्डाला कळणार, मग कुणाकुणाला कळणार;
लामाराला आत्ताही कळतंच की, कार्डाशिवाय;
हल्लीची पोरं दार वाजवण्याआधी मेसेज करतात,
हे सभ्यपणाचं की परकेपणाचं;
पाव पूर्वी जास्त भाजायचे की आपले दात चांगले होते;
आणि पोलंडला गेलेला मुलगा
रोज रात्री पडद्यावर दिसतो
ते येणं धरायचं की नाही.

इथे सगळे त्सियालाकडे बघायला लागले.
सातवा मजला. मुलगा वोत्सवाफला.
"दिसतो ना रोज?" जेमालने विचारलं,
जरा हळूच.
"दिसतो की.
फक्त, जरा तेवढी खिडकी लाव रे,
असं म्हणता येत नाही."

कुणीतरी डोमिनो पुन्हा पसरले.
पण नुगझारला राहवेना :
"बघ! मी हेच म्हणत होतो!"
"तू खिडकीबद्दल काहीही म्हणत नव्हतास!"
जेमाल उठला. दोन्ही फोन विसरला.
जाता जाता खिशातून नाणं काढलं,
सगळ्यांना दाखवलं,
आणि शेवटचं म्हणून पेटीत टाकलं.

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मधे थांबली.

पेटीने नाणं घेतलं होतं, ते सोडलं नाही.
लामाराने दुरुस्तीवाल्याला फोन लावला;
तो म्हणाला, पुलावर अडकलोय.
नुगझार जिना चढायला लागला,
पाचव्यापर्यंत, तो गुडघा घेऊन,
प्रत्येक वळणावर थांबत.
बंद दारापाशी पायरीवर वर्तमानपत्र घातलं, बसला.

मी पाण्याची बाटली घेऊन वर गेले
तेव्हा आतून आवाज येत होता :
"...कारण ही जुनी आहे म्हणून अडकली!"
आणि बाहेरून :
"जुनी आहे म्हणून मी तुला ऐकू येतोय!
नव्यात दारं इतकी घट्ट असतात
की ओरडून मेलास तरी—"
"मी मरत नाहीये."
"श्वास घे नीट."
"घेतोय. पावाचं बोल."
"पाव पूर्वीच चांगला होता."
"छे!"

पन्नास मिनिटं.
मधे एकदा काहीच ऐकू आलं नाही,
तेव्हा नुगझारने किल्लीने दारावर तीनदा वाजवलं.
आतून तीनदा उत्तर आलं.
याबद्दल नंतर दोघांनी चकार शब्द काढला नाही.

दार उघडलं तेव्हा
जेमालचं डोकं आमच्या पायांच्या उंचीवर होतं,
घामाने निथळलेलं.
नुगझारने वाकून हात दिला.
"वीस तेत्री गेले तुझे."
"कार्ड असतं," अजून निम्मा आतच असलेला जेमाल म्हणाला,
"तर परत आले असते."

नुगझारने हात धरून ठेवला.
ओढायचा की सोडायचा
हे ठरवायला
त्याने जरा वेळच घेतला.