बत्तीस सेंटिमीटर

नाझिब्रोलाच्या दारात
मी मोजपट्टी घेऊन उभा राहिलो,
तर दार पूर्ण उघडेचना.
दारामागे इस्त्रीचं टेबल, त्याला टेकून शिडी,
शिडीच्या पायऱ्यांवर कांद्याच्या माळा.
“तिरपा ये, जुम्बेर,” ती आतून म्हणाली,
“या घरात सगळे तिरपेच येतात.
डॉक्टरसुद्धा.”

साबुर्तालोतली पाच मजली इमारत, लिफ्ट नाही.
एक खोली, एक स्वयंपाकघर,
आणि नव्वद सालच्या गोंधळात
नवऱ्यानं सळ्या जोडून हवेत काढलेली बाल्कनी,
जिच्यावर अजूनही कुणी मोठ्यानं शिंकत नाही.

मी भिंती ठोकून पाहिल्या.
लोकांना वाटतं, मी कपाटं करतो.
खरं तर मी फटी विकतो.
फ्रिज आणि भिंत यांच्यात चौदा सेंटिमीटर:
तिथे चाकांवरचा उभा खण.
दारावरच्या माळ्यात आणखी एक फळी.
खिडकीखाली बांधतानाच ठेवलेला कोनाडा,
तिबिलिसीच्या थंडीत फुकटचा फ्रिज,
त्याला फक्त नवी झडप हवी.

“आणि बरण्या?”

बरण्या एकशे चाळीस.
आंबट आलुबुखारांची त्केमाली, हिरवी आणि लाल,
कोवळ्या अक्रोडांचा काळाकुट्ट मुरंबा,
अंजिरं,
आणि एक बरणी नुसती झाकणांनी भरलेली.
“खातं कोण एवढं?”
“बादरी आला की खाईल.”
बादरी पोलंडमध्ये ट्रक चालवतो.
काही बरण्यांवरचं साल मी वाचलं,
आणि पुन्हा विचारलं नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मी अंथरूणच उचललं.
पलंग बत्तीस सेंटिमीटर वर,
खाली सहा खण, बरणीच्या मापाचे,
ओढले तर काचेला काच लागू नये
म्हणून मध्ये जुन्या गालिच्याच्या पट्ट्या.
सांगतो म्हणून नाही, पण काम सुबक झालं.

आठवड्यानं पैसे घ्यायला गेलो.
ती पलंगावर बसली होती,
पाय जमिनीला टेकत नव्हते.
शहात्तर वर्षांची बाई, जाड लोकरी मोजे,
मोठ्यांच्या बाकावर बसवलेल्या पोरीसारखी
पाय हलवत.
तक्रार काहीच नाही.
“एकशे चाळीसच्या एकशे चाळीस मावल्या,” म्हणाली.
“रात्री उतरता कशा?”
“उतरत नाही. उजाडायची वाट बघते.”

मी बरणी मोजली होती.
झाकणासकट मोजली होती.

दुसऱ्याच दिवशी एक पायरी करून नेली,
उरलेल्या फळ्यांचीच.
आणि सवय जात नाही, तीही पोकळ केली:
वरचं झाकण उचललं की आत खण.
नाझिब्रोलानं खोलीभर पाहिलं.
ठेवायला काही उरलंच नव्हतं.
असं कुठल्या घरात मी
तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग ती उठली, दाराशी गेली,
इस्त्रीच्या टेबलाखाली वाकली
आणि बुटांचा जोड घेऊन आली.
पुरुषाचे, चव्वेचाळीस नंबर,
टाच झिजलेली फक्त उजवी.
“चोरांना वाटावं, घरात माणूस आहे,” ती म्हणाली,
“म्हणून ठेवले होते दाराशी. सतरा वर्षं.”
ते तिनं पायरीत ठेवले,
टाचा भिंतीकडे, टोकं खोलीकडे,
झाकण लावलं,
वर पाय देऊन चढली, उतरली,
परत चढली.
“बरोबर उंची आहे.”

दार आता चार बोटं जास्त उघडतं.

पैसे अर्धे मिळाले, उरलेल्याच्या अठरा बरण्या.
“तेवढी जागा रिकामी झाली की तुमची,” मी म्हटलं.
“उन्हाळ्यापर्यंतच,” ती म्हणाली.
पाच मजले खाली, बस, चार मजले वर.
एतेरीनं पिशव्यांत पाहिलं, मग माझ्याकडे.
“ठेवायच्या कुठे या?”

मी बूटही न काढता
आमची भिंत ठोकायला लागलो.