कूलरच्या वहीतून

३ मे. जरीपटका, ढोबळेंकडे. पंप बदलला, साडेतीनशे.
वाळा तिन्ही बाजूंचा, उधार.
मुलगा झाला. नऊशे ऐंशी ग्रॅम.
एकाच पानावर आलं सगळं,
दुसरी वही जवळ नव्हती.

बाहेर सेहेचाळीस डिग्री,
मेडिकल चौकात डांबर चपलेला धरून ठेवतं,
आणि आत काचेच्या पेटीत
त्याला ऊब कमी पडू नये म्हणून हीटर.
उभा जन्म हे शहर गार करण्यात गेला माझा;
थर्मोस्टॅटची टिकटिक ऐकून
पेटीचं दुखणं सांगेन मी.
पण दारावरच्या रजिस्टरला रकाना आहे: नाते.
पेन दोरीला बांधलेलं.
लिहिलं, मावशी.

"चांगलं हाय न बाप्पा," गार्ड म्हणाला,
"माय मरो पण मावशी जगो."
त्याच्यापुरती हसले.
मग जिन्यात बसून त्या म्हणीला
मनातल्या मनात शिव्या घातल्या, अस्सल इंदोऱ्याच्या.
कोणी मरायचं नाही इथं.
वरच्या वॉर्डात विशाखा टाक्यांवर हात धरून
दूध काढते, पाच मिली, सात मिली,
वाटी मी नेते
दोन मजले, न सांडता.

११ मे. गिट्टीखदानचं गिऱ्हाईक फोनवर ओरडलं.
हजार दहा. हजार!
विशाखाला तीनदा सांगितलं.

तिची आई कामठीहून आली,
सात वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर बसली.
पितळी डबा, डिंकाचे लाडू.
"बाळंतिणीचे आहेत," म्हणाली.
बऱ्याच वेळानं, खिडकीकडे पाहत,
"तू बी खाय. उभी राहू राहू
तुयी बी कंबर गेली असन."
लाडू कडक होता. दाढ दुखेपर्यंत चावला.

१४ मे. विशाखाला ताप.
सिस्टर गजभिये रजिस्टर न बघताच बाहेर आल्या,
"याला छाती पाहिजे, कातडीला कातडी.
कोण आहे याचं?"
माझ्या तोंडून मावशी निघेना,
दुसरंही काही निघेना.
शर्टाची बटणं तेवढी निघाली.

पाण्याच्या पंपाएवढं वजन.
पायाला पट्टी: बेबी ऑफ विशाखा.
माझ्या नखांत ग्रीस, तीनदा धुऊनही राहिलेलं,
म्हणून बोटं मुडपून धरली त्याच्या पाठीवर.
मध्येच श्वास विसरायचा तो.
मी मोठ्यानं घ्यायची,
मग त्याला आठवायचं.

आई हा शब्द विशाखाचा. त्यावर माझा दावा नाही.
पण आमच्याकडे आजीलाही माय म्हणतात,
नळावर भांडणाऱ्या अनसूयाबाईलाही माय,
ठेच लागली तरी माय.
एवढा वापरलेला शब्द.
त्याला एखादा द्यायला काय हरकत असावी?
विचारलं नाही कोणाला.

संध्याकाळी वही उघडली.
दुकान बंद, काम नाही.
जमेच्या बाजूला लिहिलं: एक हजार साठ.
ग्रॅम लिहायचं राहून गेलं.