पायरीपुरता

वाडीच्या ट्रान्सपोर्ट यार्डामागे
हेडाऊ मिस्त्रीचं दुकान, म्हणजे एक पत्रा,
एक कडुनिंब आणि उघड्या वायरींचे झुबके.
"बाई," तो म्हणाला, "लाईट लावाले त रोज येतात लोकं.
लपवाले कोणी आलं नोहतं आजवरी."

मी सांगितलं :
उजेड पायरीवर पडावा, तोंडावर नाही.
दिवा दिसू नये, जमीन दिसावी.
रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं,
उभी आहे कोणाची तरी गाडी, झोपलेली.

त्यानं आधी निळी पट्टी काढली,
मग रिमोटवर रंग बदलणारी, वरातीतल्यासारखी,
मग छपरावरचा हॅलोजन : "वाघ आला तरी दिसन."
वाघाला मी दिसेन त्याचं काय, म्हटलं.
खर्रा सांभाळत तो हसला.

गाडी आधी बेकरीची होती.
ड्रिल फिरलं तसा पत्र्याच्या पोटातून
टोस्टचा भुगा गळू लागला, बडीशेपेच्या वासाचा,
आणि कडुनिंबावरच्या मुंग्यांना निरोप गेला.

एकतीस वर्षं मेडिकलला रात्रपाळ्या केल्या.
ट्यूबलाईट लावली की अख्खा वॉर्ड जागा होई,
दुखणीसुद्धा.
म्हणून टेबलावरच्या दिव्याला आम्ही
एक्स-रेचं रिकामं पिवळं पाकीट घालायचो.
शीर सापडायची तेवढ्यात. बहुतेकदा.
किती कमी उजेडात भागतं
हे मला कोणी शिकवलेलं नाही.

बारा व्होल्ट. हातभर पट्टी, अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत,
वर दुधी झाकण,
दाराच्या कडेखाली, आतल्या अंगाला वळवून.
भोकाला रबराची कडी, वायर सोलू नये म्हणून.
फ्यूज वेगळा.
रंग संत्र्याचा घ्या म्हणाला, आपल्या नागपूरचा.
मी चहाचा घेतला, दूध कमी पडलेल्या.
आणि बटण?
बटण नको, म्हटलं.
दार उघडलं की लागावा, आपला आपण.
कोणी लावला असं होऊ नये.

"साहेबाले पसंत हाय ना?"
साहेब पलीकडे, रसवंतीची पाटी वाचत होते.
वाचत नव्हते. आठवत होते.

नाव त्र्यंबक. तीन डोळ्यांचा हिशेब.
दोन साखरेनं अर्धे खाल्ले,
तिसऱ्याबद्दल ते बोलत नाहीत.
दिवेलागण झाली की स्टिअरिंग माझ्याकडे देतात,
"तुझा हात बसू दे," एवढंच म्हणून.
मीही म्हणते, हो, बसू दे.
दिव्याबद्दल मी त्यांना सांगितलं होतं की
असल्या मंद उजेडाला किडे येत नाहीत.

पहिली रात्र उमरेडच्या बाजूला, एका तलावाच्या पाळीवर.
अडीचला ते उठले.
मी पत्र्याकडे तोंड करून झोपले होते,
झोपले म्हणजे मोजत होते.
कडी. दार.
मग तो आवाज, जो मागच्या दिवाळीत
आमच्या गेटपाशी झाला होता,
तो झाला नाही.
एक पाय. दुसरा. वाळल्या पळसपानांवर चपला.
मान वळवून पाहिलं :
जमिनीवर चहाच्या रंगाचा एक तुकडा,
बसायच्या पाटाएवढा.
पलीकडच्या काठावरून कोणी बघितलं असतं
तर काहीच नव्हतं.

परत आले. दार लोटलं. उजेड मिटला.
पांघरुणाची बरीच ओढाताण झाल्यावर
अंधारात म्हणाले,
"खरंच गं, किडा नाही आला एकही."
मग थोडं थांबून,
"पायरी मात्र बरी दिसते."

मी जरा मोठ्यानं घोरले.