बिजागरी

नेग्रोस बेटावर ऊस संपतो
आणि जीपही पुढे नको म्हणते,
तिथून दोन तास चालून मी सितिओ बुगनावला पोचले.
बुगनाव म्हणजे थंड.
पिशवीत कार्यालयाचा फॉर्म होता, चार पानी.

पंपाचा प्रकार?
त्यांनी मला दोन पंप दाखवले.
पहिला डिझेलचा, अनुदानातला, निळा,
उद्घाटनाची पाटी अजून शाबूत.
सतरा दिवस चालला.
‘डिझेल डोक्यावरून वाहून आणायचं
तर मग पाण्यानं काय घोडं मारलंय?’
आता त्याच्या पोटात एक तांबडी कोंबडी बसते.
क्षमता? आठवड्याला पाच अंडी,
नोंग बिद्योंग म्हणाला, अगदी गंभीर चेहऱ्यानं.
मी ते लिहिलं नाही.

दुसरा खाली, ओढ्याच्या कुशीत.
गॅसचं जुनं नळकांडं उभं केलेलं,
दोन-तीन वाकडे पाइप,
ट्रकच्या टायरातून कापलेली एक चकती
आणि तिला दाराची बिजागरी.
टाक्. टाक्. टाक्.
पाणी उतारानं धावत येतं, झडप आपटते,
अडलेलं पाणी चिडतं,
आणि त्या चिडण्यात थोडंसं
साठ मीटर वर, वस्तीपर्यंत जातं.
बाकीचं परत ओढ्यात.

इंधन?
‘उतार,’ पेतांग म्हणाली.
चालकाचं शिक्षण?
‘तिसरी. मग ऊसतोड.’
तिच्या डाव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली.
एवढं पाणी वाया जातं, मी म्हटलं,
बारातला एकच भाग वर येतो.
तिनं माझ्याकडे पाहिलं,
पोरानं चुकीचा पाढा म्हटल्यासारखं.
‘अकरा खालच्यांचे.
खाली पण माणसंच राहतात ना?’

रात्री तिच्याच घरी निजले.
टाक् टाक् डोंगर चढून उशापर्यंत येत होतं,
पहिला तासभर वैताग, मग कळलंच नाही.
मध्यरात्री ते थांबलं.
चालती बस थांबली की झोपलेला उतारू
दचकून उठतो,
तशी अख्खी वस्ती उठली.
कुत्री भुंकली. कुणाचं तान्हं रडलं.
अंधारात एकेक कंदील
कुठं काय, कुठं काय विचारू लागला.

बिजागरी तुटली होती.
दुकान जीपच्याही पलीकडे,
आणि उद्या रविवार.
पेतांग चढ चढून परत आली,
कुणाला काही बोलली नाही,
स्वतःच्या दाराशी उकिडवी बसली
आणि खालची बिजागरी उलगडायला लागली.
एक स्क्रू गंजलेला, त्याला तिनं शिवी दिली,
एकदा नव्हे, तो निघेपर्यंत.

मला टॉर्च धरायला दिला.
गुडघाभर पाणी, आणि गावाचं नाव
तेव्हा मला पायातून समजलं.
बसवून झालं तरी तो काही बोलेना.
ती हातानं झडप दाबायची, सोडायची,
दाबायची, सोडायची,
तीसेक वेळा तरी,
त्याला आठवेपर्यंत.
टाक्.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग टाक्. टाक्.
वर टाकीपाशी कुणीतरी ओरडलं.
पेतांग काठावर बसून पाय चोळत राहिली.

सकाळी तिचं दार तिरकं लोंबत होतं,
खाली अबाकाच्या दोरीची गाठ.
कोंबड्या त्या फटीतून खुशाल ये-जा करत होत्या.
मी फॉर्म पुरा केला.
सुटे भाग कुठून मिळतात?
‘दारातून,’ मी लिहिलं.
कार्यालयानं ते लाल शाईनं गोल करून परत पाठवलं:
खुलासा करावा.

अजून केलेला नाही.
त्या संध्याकाळी मात्र घरी येऊन दारं मोजली,
कपाटांची, खिडक्यांचीही.
एकेचाळीस बिजागऱ्या.
स्क्रू-ड्रायव्हर कुठं ठेवलाय
ते काही आठवेना.