चार किलो दोनशे

आधी मी एकटी उभी राहते काट्यावर,
मग तिला उचलून, पुन्हा.
मोठ्यातून लहान वजा :
चार किलो दोनशे.
फॉर्मवर लिहिते. रंग राखाडी, पोटाशी चांदी.
जात – या रकान्यात काय लिहायचं?
फहाहीलच्या मासळीबाजारातली, एवढंच ठाऊक.

नाव झुबेदी.
इथे पापलेटाला झुबेदी म्हणतात
आणि ही सापडली ती त्याच टोपल्यांखाली,
बर्फाचं पाणी चाटताना, जूनच्या भर दुपारी.
'पुस पुस' केलं तर ढुंकून बघत नाही.
'बिस बिस' म्हटलं की धावत येते.
गुहागरात हिला कोण हाक मारणार?

सत्तावीस वर्षांची नोकरी जुलैअखेर संपते.
फ्रीज मारिसेलने मागितलाय,
तुळस वरच्या मजल्यावरच्या मल्याळी जोडप्याला,
शिलाई मशीन अजून कुणी नेलं नाही.
आणि ही.

मारिसेल म्हणते, ठेवून जा, मी बघते.
तिचाच इकामा मार्चपर्यंत.
हारिस सय्यद म्हणतो, मांजर घराचं असतं, माणसाचं नसतं.
घर कंपनीचं आहे, हे त्याच्या लक्षात नाही.
डॉक्टर म्हणतात, चिप, रेबीजची सुई, दाखला, शिक्का,
आणि या उन्हाळ्यात विमानवाले प्राणी घेत नाहीत,
धावपट्टीवरच भाजून निघेल बिचारी.
सप्टेंबर उजाडू दे.
म्हणजे हिच्यासाठी मी महिनाभर थांबायचं,
भाड्याने खोली घ्यायची,
तिकीट पुढे ढकलायचं.

हे मला जमतंय, याचीच लाज वाटते.

निनाद अकरा महिन्यांचा होता
तेव्हा एक दिवससुद्धा पुढे ढकलला नव्हता मी.
मग फॅमिली व्हिसाला पगार कमी पडला,
चाळीस दिनार.
खिडकीतल्या माणसाने कागद परत सरकवले.
रागाने नव्हे, त्याची जेवायची वेळ झाली होती.
पुढल्या वर्षी बघू, म्हटलं. मग त्याच्या पुढल्या.
पगार पुरेसा झाला तोवर
तो माझ्या आईला आई म्हणायला लागला होता,
मला कुवेतची आई.

चार वर्षांचा असताना फोनवर विचारलं त्याने,
तुझ्या बॅगेत किती किलो मावतं गं?
तीस, म्हटलं.
मी रेशनच्या दुकानात काट्यावर उभा राहिलो, म्हणाला,
मी चौदा भरलो.
उरलेल्यात तू तुझे कपडे घे.

मी हसले होते.
अख्ख्या वॉर्डात सांगत सुटले होते, कसं गोड बोलतो म्हणून.
त्या खेपेला नेलं बदाम, टँगचे डबे, दुधाची पावडर,
रिमोटची गाडी.
तीस किलो चारशे भरलं,
आणि चारशे ग्रॅमसाठी काउंटरवर भांडले मी.

आता तो अठ्ठाविसाचा. घ्यायला येणार आहे.
काचेचं दार सरकेल, त्याला ट्रॉली दिसेल,
ट्रॉलीवर पिंजरा, पिंजऱ्यात ही,
जिला आणता आलं.

म्हणून रोज रात्री मनातल्या मनात
हिला सोडून येते मी :
मारिसेलकडे, जिन्याखाली, एकदा तर थेट मासळीबाजारात,
आणि पहाटे ती माझ्या पोटरीला टेकून
घोरत असते, मेली.

काल सांगितलं त्याला.
इकडचं तिकडचं बोलून, मग मध्येच.
पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती.
लाइन कापली गेली की काय, असं वाटलं.
मग त्याने विचारलं,
किती किलोची आहे?

आकडा मला पाठ होता.
तरी म्हटलं, थांब हं,
बघून सांगते.